थंडी उसाला मानवते, म्हाताऱ्यांना नाही



मार्गशीर्ष लागला, रात्री बोचू लागल्या, की कारखान्याच्या आवारातली माणसे खुशीत येतात. प्रयोगशाळेतला उताऱ्याचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकतो. गाडीअड्ड्यावर उभा असलेला सभासद कांडे मोडून चाखतो आणि म्हणतो, "आता गोडी धरली बघा." यात नवल काही नाही. थंडीत उसाची वाढ मंदावते आणि उसाने तयार केलेली साखर वाढीत खर्च न होता कांड्यात साठून राहते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले कमाईचे महिने. घाटाखाली रत्नागिरीजवळच्या पावस गावचा हापूसवाला बागायतदारही याच दिवसांत आभाळाकडे बघत असतो. थंडी बरी पडली तर कलमांना मोहोर चांगला फुटतो, नाही पडली तर वर्ष वाया जाते. घाटावरचा ऊसवाला आणि घाटाखालचा आंबेवाला या दोघांचे इतर कशात जमो न जमो, थंडी मात्र दोघांनाही हवी असते.

पण या दोघांच्याही घरात, ओटीवर किंवा सोप्यात, एक माणूस असे असते की ज्याला ही थंडी नको असते. तो आपला आबा असतो, आज्जी असते, थोरली काकी असते. उसाचा भाव, उतारा, तोडणीची पाळी या सगळ्या गडबडीत आपण त्या माणसाकडे बघत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून या अंकात बेणे, खते, हुमणी हे विषय बाजूला ठेवून आम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी लिहीत आहोत. हा घरगुती विषय आहे, कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर असे की हा विषय कारखान्याचाच आहे. आपल्या सभासदांची यादी काढून बघा. ज्यांच्या नावावर भाग आहेत त्यांतले किती जण सत्तरीच्या पुढचे आहेत?

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला. त्यानंतर गावोगाव माणसे पदरचे पैसे घालून, प्रसंगी घरातले सोने गहाण ठेवून भाग घेऊ लागली. कारखाना निघेल की नाही याची शाश्वती नसताना ज्यांनी भागाचे पैसे भरले ती ही पिढी. त्यांतले बरेच गेले. जे आहेत ते आता थकले आहेत. त्यांच्या नावावर ऊस नोंदला जातो, सवलतीची साखर उचलली जाते, वार्षिक सभेला त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून सहीपुरते आणलेही जाते. मात्र पौषातल्या पहाटे त्यांच्या अंगावर दुसरी वाकळ आहे का, हे बघायला कोणी उठत नाही. ही गोष्ट सहकाराला शोभत नाही.

आता पावसचे नाव आम्ही का काढले ते सांगतो. आपल्या भागातून आंबा घाट उतरून गणपतीपुळे, रत्नागिरी आणि पावस अशी फेरी करण्याची जुनी चाल आहे. भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला सुमारे 20 किलोमीटर गेले की पावस लागते. स्वामी स्वरूपानंदांची समाधी तिथे आहे. त्यांचा जन्मोत्सवही मार्गशीर्षात, म्हणजे ऐन थंडीत येतो. ऑगस्ट 2022 पासून एस.टी.ने 75 वर्षांवरील माणसांना प्रवास मोफत केला, 65 च्या पुढे अर्धे तिकीट आहेच, आणि मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धे तिकीट झाले. त्यामुळे म्हातारी माणसे आता पोराच्या पैशाकडे न बघता बाहेर पडतात. हे फार चांगले झाले. त्यांनी जावे, समुद्र बघावा, दुपारी खिचडीचा प्रसाद घ्यावा. पण पावसला जाऊन आलेल्या माणसाने तिथून आणखी एक गोष्ट घेऊन यावी असे आम्हाला वाटते.

स्वामी स्वरूपानंद हे पावसचेच. 1903 साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. पुढे 1934 साली ते फार मोठ्या आजारातून उठले, पण प्रकृती कायमची तोळामासा झाली. त्यानंतर ते पावसमधल्या देसाई यांच्या 'अनंत निवास' या घरात राहिले ते 15 ऑगस्ट 1974 रोजी देह ठेवीपर्यंत. मोजून चाळीस वर्षे. याच काळात त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगांत आणली. लोक त्यांची थोरवी सांगतात, ती आहेच. पण आम्ही शेतकरी माणसे, आम्हाला दुसरा हिशेब दिसतो. एक नाजूक प्रकृतीचा माणूस कोकणातल्या पावसाळ्यांतून आणि हिवाळ्यांतून चाळीस वर्षे सांभाळला गेला. त्याला वेळेवर गरम अन्न, कोरडे अंथरूण आणि हाकेला ओ देणारे माणूस देणारे एक घर होते. त्या घराने रोज उठून हे केले. त्यासाठी मोठा दवाखाना लागला नाही, नेमाने लक्ष लागले. समाधीवर डोके टेकवून येणाऱ्या प्रत्येकाने त्या घराचीही आठवण ठेवावी.

आजचे पावस आणि त्याच्या आजूबाजूच्या वाड्या बघितल्या तर दुसरे चित्र दिसते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 16 लाख 97 हजार होती, ती 2011 मध्ये 16 लाख 15 हजारांवर आली. माणसे वाढली नाहीत, कमी झाली. दर हजार पुरुषांमागे बायका 1122. म्हणजे कर्ता पुरुष मुंबईत आणि घरात म्हातारी. चिऱ्याचे चांगले भक्कम घर, वर कौले, पुढे पडवी, मागे कलमे, आणि आत एकटी आजी. तिला उबारा कोण देणार? तिथे शेजार आहे. सकाळी समोरच्या घरातून चुलीचा धूर दिसला नाही, अंगणात सडा पडला नाही, तर गडग्यावरून हाक येते, "काय गो आजी, उठलीस काय?" ही एक हाक पुष्कळ काम करते.

आपण घाटावरचे लोक म्हणतो, आमची घरे भरलेली आहेत, आमच्याकडे असा प्रश्न नाही. खरेच नाही का? थोरला पोरगा एम.आय.डी.सी.त पाळीला, धाकटा पुण्याला, सून बचत गटाच्या नाहीतर शाळेच्या कामाला, नातवंडे शिकवणीला. दिवसभर घरात म्हातारा-म्हातारीच. रात्री पोरगा पाण्याच्या पाळीवर किंवा तोडणीच्या मागे. घर भरलेले दिसते, पण म्हातारा एकटाच असतो. कोकणातल्या आजीला निदान ठाऊक असते की आपण एकटे आहोत, आणि शेजाऱ्यालाही ठाऊक असते.

कुणी असेही म्हणेल की आपल्याकडे कसली आली आहे थंडी? ती हिमालयात. म्हातारी माणसे स्वतःच तसे म्हणतात, "आरं, असल्या लई थंड्या बघितल्यात. मला काय हुतंय?" पण जगाचा अनुभव उलटा आहे. युरोपात याचा अभ्यास झाला, तेव्हा फिनलंडसारख्या बर्फाच्या देशापेक्षा पोर्तुगालसारख्या उबदार देशात थंडीच्या महिन्यांत मृत्यूंची वाढ जास्त आढळली. कारण उघड आहे. जिथे बर्फ पडतो तिथले लोक घर, कपडा, अंथरूण यांची तयारी ठेवतात. जिथे थंडी थोडी, तिथे तयारी शून्य. आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. वरून पत्रा, खिडकीला झडप नाही, फरशी गार. निफाडकडे पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात, आपल्याकडे बारा-चौदा असतो. रत्नागिरी-पावसच्या किनाऱ्यावर तर डिसेंबरातली रात्रही साधारण अठरा-वीस अंशांची. पण तिथेही दुपारी तीसच्या वर गेलेला पारा पहाटे दहा-बारा अंश खाली येतो. तरण्या माणसाला त्याची गंमत वाटते. ऐंशीच्या माणसाला तो फरक झेपत नाही.

का झेपत नाही, हे समजून घेतले पाहिजे. वय झाले की अंगातले मांस झडते, कातडी पातळ होते, आणि मुख्य म्हणजे थंडी वाजते आहे हे कळण्याची शक्तीच कमी होते. तरण्याला हुडहुडी भरते, त्या कापण्याने अंगात ऊब तयार होते. म्हाताऱ्याचे अंग तितके कापत नाही. तो गप्प पडून राहतो आणि आपल्याला वाटते, झोप लागली. थंडीत अंगावरच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात थंडीत, त्यातही सकाळच्या वेळी जास्त येतात ते यामुळे. शिवाय रात्री लघवीला उठायला नको म्हणून म्हातारी माणसे संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. तहानही त्यांना कमी लागते. पाणी कमी पडले की रक्त दाट होते आणि धोका आणखी वाढतो. आपण म्हणतो, म्हातारपणाने गेला. पुष्कळदा म्हातारपण हे निमित्त असते आणि काम थंडीने केलेले असते.

आता आपल्या शेतातली गोष्ट. शेतीपंपाची लाईट आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी मिळत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली सौर कृषी वाहिनीची योजना आली, काही गावांना तिचा लाभ झाला आहे. पण जिथे अजून रात्रीची पाळी आहे, तिथे मोटार चालू करायला कोण जातो ते बघा. पोराला सकाळी कामावर जायचे असते, म्हणून म्हातारा म्हणतो, "तू झोप, मी जातो." आणि आपण झोपतो! रात्री दोन वाजता, पोटरीइतक्या चिखलात, ओल्या धोतराने सत्तर वर्षांचा माणूस उसाच्या सरीतून बारे मोडत फिरतो. पाय घसरला तर उसात हाक ऐकू येत नाही. बिबट्याची भीती वेगळीच. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की 65 वर्षांपुढच्या माणसाने थंडीच्या रात्री पाणी पाजायला जाऊ नये, आणि घरच्यांनी जाऊ देऊ नये. घरात दुसरे माणूस नसेल तर पैरा आहे, सावड आहे. पेरणीला आपण एकमेकांची औते घेतो, मग पाण्याच्या पाळीला शेजारचा पोरगा का घेऊ नये? आज त्याने आपल्या म्हाताऱ्याची पाळी करावी, उद्या आपण त्याच्या म्हाताऱ्याची करावी.

दुसरी गोष्ट शेगडीची. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे घालून ते खोलीत ठेवायचे आणि दार-खिडकी लावून झोपायचे, हा प्रकार जीवघेणा आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच जातो. असे अख्खे कुटुंब गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतात. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरचेही तेच. शेकायचे तर अंगणात शेकावे, सगळ्यांनी मिळून शेकावे, आणि झोपताना शेगडी घराबाहेर. यात तडजोड नाही. म्हातारीच्या लुगड्याचा पदर आणि आबाच्या घोंगड्याची दशी निखाऱ्यापासून दूर राहील हेही बघावे.

तिसरी गोष्ट आपल्या पाचटाची. पाचट जाळू नका हे शेतकी खाते सांगून थकले. आजवर ते जमिनीच्या भल्यासाठी सांगितले, आता आम्ही म्हाताऱ्यांच्या छातीसाठी सांगतो. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. त्यामुळे संध्याकाळी लावलेल्या फडाचा धूर वर न जाता रात्रभर गावातच रेंगाळतो. ज्या आज्जीने जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकली तिची छाती आधीच अधू झालेली असते. त्यावर हा धूर म्हणजे दमेकऱ्याच्या उरावर बसणेच. पाचट सरीत कुजवले तर जमीन सुधारते, पाणी कमी लागते, आणि आजीची खोकल्याची रात्र टळते. एका कामात तीन लाभ आणखी कुठे मिळतात?

आता घरातल्या साध्या गोष्टी. यांना फार पैसा लागत नाही, ध्यान लागते.

अंथरूण जमिनीवर नको. खाट किंवा बाज द्यावी, खाली जाड वाकळ घालावी, कारण थंडी जितकी वरून लागते तितकीच खालून लागते. एका जाड रजईपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, त्यांच्यामध्ये हवा राहते आणि तीच ऊब धरते. कानटोपी, पायमोजे, आत बनियन आणि वर स्वेटर. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू देऊ नये, घसरतात. रात्री उठताना पडणे हा म्हातारपणातला सर्वांत महागात पडणारा अपघात. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ माणसे पुन्हा पहिल्यासारखी उभी राहत नाहीत. म्हणून वाटेत उजेड, उशाशी बॅटरी, हाताशी काठी. संडास लांब असेल तर खाटेजवळ भांडे ठेवावे. यात लाज कसली? त्यांनी आपले केले, तेव्हा लाज धरली नव्हती.

पहाटेची अंघोळ, पहाटेचे देवदर्शन, पहाटेचे फिरणे हे नेम सूर्य वर येईपर्यंत पुढे ढकलावेत. देव कुठे जात नाही. अंघोळीचे पाणी आणि टॉवेल दोन्ही तयार ठेवून मगच अंगावरचे कपडे काढावेत. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्या माणसाला ती देऊच नये, भाजले तरी कळत नाही. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडू देऊ नये.

जेवण गरम आणि थोडे थोडे. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, हुलग्याचे माडगे. कोकणात याच हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी करतात, नाव वेगळे, ऊब एकच. दिवसभरात कोमट पाणी, पातळ आमटी, कढण असे पोटात जात राहावे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याने पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे. मधुमेही माणसाला थंडी आहे म्हणून गूळ-साखर वाढवू नये. साखर कारखान्याच्या पत्रिकेने हे लिहावे याची गंमत वाटेल, पण आमच्या साखरेपेक्षा आमचा सभासद आम्हाला मोठा आहे. आणि थंडीला औषध म्हणून जो एक घोट घेतला जातो, तो बंद. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, क्षणभर गरम वाटते, पण अंगातली ऊब भराभर बाहेर जाते. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी, या दोन्हींविषयी गावच्या आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे विचारावे. थंडी सुरू होण्याआधी विचारावे, खोकला लागल्यावर नव्हे.

धोक्याच्या खुणा घरातल्या नातवंडांनाही पाठ असाव्यात. पोटाला हात लावला तर थंडगार लागणे, बोलणे जड होणे, उगाच गुंगी, भलतेसलते बोलणे, ही अंगातली ऊब गेल्याची लक्षणे. अंगाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की जीवाला धोका असतो. अशा वेळी ओले कपडे काढावेत, कोरड्या घोंगड्यात गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय द्यावे, आणि दवाखाना गाठावा. हातपाय जोरजोरात चोळू नयेत, एकदम आगीजवळ नेऊ नये. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलेना, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात. त्यात पहिले साडेचार तास फार मोलाचे. "सकाळी बघू" म्हणायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही, 108 ला फोन करायचा. छातीत दुखणे, घाम, दम लागणे यांनाही तेच.

पावसच्या सहलीला म्हाताऱ्यांना नेणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जाताना घाट उतरला की स्वेटर पिशवीत जातो आणि पिशवी गाडीच्या टपावर किंवा डिकीत. दुपारी किनाऱ्यावर ऊन आणि दमटपणा, घामाने अंग ओले. मग रात्रीचा परतीचा प्रवास, आंबा घाट चढताना उघड्या खिडकीतून गार वारा, आणि ओल्या अंगाचा आबा खिडकीशी पेंगतो आहे. गाडीवाल्याला एक मुक्काम परवडत नाही म्हणून एका दिवसात सगळे देव उरकणे हे देवालाही आवडत नसेल. शक्यतो परतीचा प्रवास दिवसा करावा. रात्रीच करावा लागला तर कोरडा सदरा, स्वेटर आणि कानटोपी हाताशी, आणि खिडकीजवळची जागा पोराची.

आता एक गोष्ट जरा अवघड, पण बोलली पाहिजे. आपला ऊस ज्यांच्या कोयत्याने तुटतो, ते मजूर बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून येतात. त्यांचे आईबाप एक तर गावी एकटे राहतात, नातवंडे सांभाळत, नाहीतर पोरांबरोबर आपल्याच शिवारात पाचटाच्या कोपीत येऊन पडतात. ओल्या जमिनीवर, उघड्या माळावर. आपल्या आबाला वाकळ घालायची आणि बांधापलीकडच्या कोपीतल्या म्हाताऱ्याकडे बघायचेही नाही, हे बरे नव्हे. एक ताडपत्री, दोन जुनी पण धड घोंगडी, सकाळी हंडाभर गरम पाणी. आपल्याला ते जड नाही. ज्याच्या फडात टोळी उतरली आहे त्याने एवढे करावे. कोपीजवळची शेकोटी पाचटापासून लांब राहील, हेही बघावे.

हे सगळे वैयक्तिक झाले. संस्थेने काय करावे, याविषयी आमच्या सूचना अशा आहेत. गट कार्यालयांनी 75 वर्षांपुढच्या सभासदांची यादी करावी. चिटबॉय तोडणीसाठी वाडी-वस्तीवर फिरतातच, त्यांनी अशा घरात डोकवावे आणि कोणी एकटे किंवा आजारी असेल तर गटात कळवावे. तोडणीचा कार्यक्रम सांगायला आपला माणूस जातो, तर "आबा, बरे आहात ना?" हे विचारायला वेगळा खर्च येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक गटात रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर व्हावे. तिथेच सरकारी योजनांची माहिती द्यावी. 70 वर्षांवरील प्रत्येकाला ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड काढता येते, त्याला उत्पन्नाची अट नाही. निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. वृद्धांच्या मदतीसाठी 14567 हा फोन आहे. या गोष्टी ठाऊक नसल्यामुळे हक्काची मदत राहून जाते. सवलतीच्या साखरेची रांग आपण शिस्तीने चालवतो, तशी ही कामेही चालवता येतील.

आणि ज्यांना प्रेमाची भाषा कळत नाही त्यांच्यासाठी कायदाही आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. न सांभाळणाऱ्या मुलाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. सातबारा नावावर करून घेतल्यावर म्हातारीला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवणारे महाभाग आपल्यातही असतील. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, न सांभाळल्यास परत घेता येते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. पण सहकारी माणसाला कायद्याची धमकी द्यावी लागावी, ही आम्हाला शरमेची गोष्ट वाटते.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. काळ सोकावतो हे खरे. पण पहिला अर्धा भाग आम्हाला मान्य नाही. म्हातारी मेल्याचे दुःख असलेच पाहिजे, विशेषतः जी एका घोंगडीने आणि एका हाकेने आणखी चार हिवाळे जगली असती तिचे. या हंगामात उतारा किती पडला ते आम्ही नेहमीप्रमाणे पत्रिकेत छापूच. त्याबरोबर प्रत्येक गटाने आपल्या यादीतली किती घरे बघितली, तेही कळवावे, तोही आकडा आम्ही छापू. तूर्त आज रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एवढे करावे: घरातल्या थोरल्या माणसाच्या खाटेपाशी जावे, पाय गार आहेत का ते हात लावून बघावे, आणि मगच आपले पांघरूण ओढावे.